नानांना रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं, वयामुळे म्हणून सोडून द्यायचं का?

इंदिरानगरची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या सासऱ्यांचा आहे. आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ७१. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. गुडघे दुखतात म्हणून दिवाळीनंतर ते आमच्याकडे नाशिकला राहायला आले. गावाकडे ते ओसरीवर एकटे झोपायचे, त्यामुळे रात्रीतून किती वेळा उठतात हे कुणाला कळायचंच नाही. इथे बाथरूम आमच्या खोलीला लागून आहे, कडी वाजली की मला जाग येते. रोज रात्री चार वेळा, कधी पाच.

मिस्टरांनी विचारलं तर म्हणतात, "वय झालं रे, आणि थंडी बघ किती पडलीय." थंडी आहेच. पण आता त्यांनी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणं जवळजवळ सोडलंय. जेवताना घोटभर, बस. ओझरला नात्यात हळद होती, तिथे यायलाही नको म्हणाले. गाडी मध्येच थांबवायला लावायची त्यांना लाज वाटते. बागेची छाटणी असो की लग्नकार्य, सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा माणूस असा घरात बसलेला मला बघवत नाही.

बाकी माहिती अशी: बीपी आहे. अ‍ॅम्लोडिपिन बरीच वर्षं चालू आहे, मागच्या वर्षी तिच्या जोडीला आणखी एक गोळी दिली, मेडिकलवाले तिला पाण्याची गोळी म्हणतात, म्हणजे लघवी वाढवणारी. दोन्ही गोळ्या ते रात्रीच्या जेवणानंतर एकदम घेतात, म्हणजे विसरत नाहीत. संध्याकाळी पायांवर सूज असते, मोज्याचा वळ उठतो. शुगर शेवटची कधी तपासली हे कुणालाच आठवत नाही. जळजळ नाही, ताप नाही असं सांगतात, पण या विषयावर ते सुनेशी मोकळेपणाने बोलणार नाहीत आणि मिस्टर अंबडला शिफ्टमध्ये असतात.

किती वेळा जाणं म्हणजे जास्त? त्यांना पाणी कमी करू द्यावं का? आधी फिजिशियन की सरळ युरोलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या विकारांचे डॉक्टर? आणि काय दिसलं तर अजिबात थांबायचं नाही?

सातपूरचे काका

सूनबाई, माझं वय ६६, मला हाच त्रास प्रोस्टेटमुळे, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी ग्रंथी वाढल्यामुळे झाला म्हणून लिहितो. माझ्यात फरक असा होता की वारंवार जायचो पण प्रत्येक वेळी थोडीशीच व्हायची. उभं राहिल्यावर सुरू व्हायला वेळ लागायचा, धार बारीक, मध्येच तुटायची, आणि बाहेर आलो की परत वाटायचं अजून राहिली आहे. हे मी कोणाला बोललो नाही. सहन करत गेलो.

मग एका हिवाळ्यात सर्दी झाली, दुकानातून नाक मोकळं करायची गोळी आणून घेतली आणि दुसऱ्या दिवशी लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट दगडासारखं झालं. नळी घालून काढावी लागली. नंतर डॉक्टरांनी समजावलं की सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमधली औषधं मूत्राशयाचं तोंड आवळून धरतात किंवा मूत्राशयाचा जोर कमी करतात, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मला सोनोग्राफी करायला लावली. आधी मूत्राशय भरलेलं असताना आणि मग लघवी करून आल्यावर परत, आत किती उरते ते बघायला. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन ही गोळी सुरू केली, तिने बराच आराम पडला. सुरुवातीला झटकन उठलं की चक्कर यायची, म्हणून रात्री पलंगावर मिनिटभर बसून मग उठायचो. नानांना तुमच्या मिस्टरांनी एवढंच विचारावं: धार कशी आहे, आणि झाल्यावर मोकळं वाटतं का. बापलेकात हे बोलणं होऊ शकतं.

नाशिकरोडची लॅबवाली

ताई, मी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. पण लघवीचे नमुने आणि ते घेऊन येणारी माणसं रोज समोर असतात. त्यात मला एक गोष्ट फार लागते. प्रत्येक जण किती वेळा जातो ते सांगतो, किती होते ते कुणीच सांगत नाही. आणि पुढचा सगळा रस्ता त्याच्यावरच ठरतो. थोडी थोडी पण सारखी होणं हा एक आजार, आणि दर वेळी भरपूर होणं हा वेगळाच. काकांचा त्रास पहिल्या प्रकारचा होता. नानांचा कुठला आहे हे तुमच्या पोस्टवरून कळत नाही, कारण कुणी मोजलेलंच नाही.

तर डॉक्टरांकडे जायच्या आधी हे करा. मिलीच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग आणून बाथरूममध्ये ठेवा, तो फक्त याच कामाला. शेजारी वही आणि पेन बांधून ठेवा. नाना प्रत्येक वेळी मगात करतील, आकडा आणि वेळ लिहितील, ओतून देतील. तुम्हाला काही विचारायला लागणार नाही आणि त्यांना काही सांगायला लागणार नाही. तीन दिवस पुरे, सलग नसले तरी चालतील. पाणी, चहा, ताक, वरणाचं पाणी, जे काही पोटात गेलं तेही दुसऱ्या पानावर लिहा. फक्त एक लक्षात ठेवा: रात्री झोपल्यानंतरची सगळी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, ही रात्रीच्या हिशेबात धरायची. ही वही घेऊन गेलात तर डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचेल.

आकडे असे. मोठ्या माणसाला चोवीस तासांत साधारण एक ते दोन लिटर लघवी होते. दिवसा सात-आठ वेळा जाणं नेहमीचंच, आणि नानांच्या वयात रात्री एकदा उठणं हेही नेहमीचं. चोवीस तासांत तीन लिटरच्या वर जात असेल तर ती खरोखर जास्त आहे. आणि साठी-सत्तरीच्या माणसाची दिवसभरातली एक तृतीयांशापेक्षा जास्त लघवी रात्रीच होत असेल, तर शरीर दिवसाचं काम रात्रीवर ढकलतंय, असं समजायचं.

तीन लिटरच्या वर असेल तर सगळ्यात आधी साखर. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती पूर्ण परत खेचून घेता येत नाही. मग ती लघवीत उतरते आणि पाणी सोबत ओढून नेते. माणसाला वाटतं मला तहान फार लागते म्हणून लघवी होते. खरं उलटं आहे, पाणी निघून जातं म्हणून तहान लागते. अशा माणसाने पाणी बंद केलं तर लघवी थांबत नाही, शरीर मात्र सुकत जातं. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.५ किंवा जास्त आली तर तो मधुमेह. लक्षणं नसतील तर डॉक्टर एकदा परत तपासून खात्री करतात. नुसत्या लघवीतल्या साखरेवर जाऊ नका. रक्तातली साखर १५० असेल तर लघवीत काहीच दिसणार नाही आणि आजार तर चालूच असतो. उलट हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणारे घाबरून येतात की लघवीत साखर चार प्लस आली. त्या गोळ्यांचं कामच साखर लघवीतून बाहेर काढण्याचं आहे. लघवीही त्यांनी वाढते.

साखर नॉर्मल आणि तरीही लघवी खूप, असं असेल तर डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम बघतात. रक्तात कॅल्शियम वाढलं किंवा पोटॅशियम फार कमी झालं की मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही. मूत्रपिंड दुबळं झालं तरी तेच होतं. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांतही हे दिसतं. मेंदूकडून येणारं एक संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगतं, ते कमी पडलं की दिवसाला कितीतरी लिटर, अगदी पाण्यासारखी लघवी होते. हा आजार विरळा आहे, पण त्यात पाणी तोडलं तर जिवावर बेततं. म्हणून कारण कळेपर्यंत कुणाचंही पाणी बंद करायचं नाही, हे मी हात जोडून सांगते.

एकूण लघवी बरोबर, पण दर वेळी पन्नास-शंभर मिली, असं निघालं तर मूत्राशयाकडे किंवा प्रोस्टेटकडे बघायचं. उन्हाळे लागले असतील तर जळजळ होते, वास येतो, लघवी गढूळ दिसते, पण म्हाताऱ्या माणसांत जळजळ नसतानाही जंतुसंसर्ग असू शकतो. बद्धकोष्ठतासुद्धा मूत्राशयावर दाब आणते, तेही विचारा. स्त्रियांमध्ये तर याबद्दल बोलतच नाहीत. सप्तशृंगीला जायचं म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि पुढच्याच आठवड्यात त्या उन्हाळे लागले म्हणून नमुना घेऊन येतात.

आता नानांबद्दल माझा अंदाज. पायांवर सूज आहे हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर काढतं. अ‍ॅम्लोडिपिननेही पाय सुजतात, हृदयाचा पंप कमजोर असला तरी सुजतात, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारातही सुजतात. हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि पाण्याची गोळी रात्री घेतली तर ती रात्रीच उठवणार. पण तुम्ही स्वतःहून बदल करू नका, फोन करून डॉक्टरांना विचारा, "ही सकाळी घेतली तर चालेल का?" नाना घोरतात का, घोरता घोरता श्वास अडकतो का, हेही बघा. झोपेत श्वास अडकणाऱ्यांच्या हृदयावर ताण येतो, तिथून मीठ-पाणी बाहेर टाकण्याचा निरोप सुटतो आणि ते रात्री पुन्हा पुन्हा उठतात. अनेकांना वाटतं लघवीने जाग आली. जाग श्वासाने आलेली असते.

थंडीचं नाना म्हणतात ते खोटं नाही. थंडीत घाम येत नाही, कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्त आत सरकतं आणि लघवी वाढते. निफाडची थंडी आपल्याला माहीत आहे. पण नुसत्या थंडीने पाय सुजत नाहीत.

आधी फिजिशियनकडे जा. धार बारीक असेल किंवा सोनोग्राफीत लघवी उरलेली दिसली तर ते युरोलॉजिस्टकडे पाठवतील. खर्चाची अडचण असेल तर तीस वर्षांवरच्यांची साखर आणि बीपी सरकारी दवाखान्यांत मोफत तपासतात.

थांबायचं नाही ते केव्हा: लघवीत रक्त दिसलं, दुखत नसलं तरीही. थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या बाजूला दुखणं. जोराची लागूनही होत नाही आणि ओटीपोट फुगलंय. प्रचंड तहान, वजन उतरणं आणि त्यात उलट्या किंवा गुंगी. कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडणं किंवा बसायच्या जागी बधिरपणा. वयस्कर माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागणं. रात्री दम लागून उठून बसावं लागणं. यात वही नाही, मग नाही, सरळ दवाखाना.

आणि आजच्या आज त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत एक छोटा दिवा लावा, वाटेतलं पायपुसणं काढा. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडलेले म्हातारे मला माहीत आहेत.

कॉलेज रोड, वय २४

मधेच विचारते, सॉरी. मी दिवसातून पंधरा-सोळा वेळा जाते. क्लासमध्ये सगळ्यांच्या नजरेत येतं. फोनमध्ये पाण्याचं अ‍ॅप आहे, रोज पाच लिटरचं टार्गेट पूर्ण करते, स्किनसाठी. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर, नंतर बाटली सोबतच. लघवी अगदी पाण्यासारखी असते. उपाशीपोटी शुगर ८८ आली. तरी मला डायबेटिसची भीती वाटते कारण आईला आहे.

पंचवटीतली आई

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असल्यापासून अंथरूण कोरडं होतं, आता पंधरा दिवसांपासून परत ओलं करतोय. शाळेतून बाईंनी सांगितलं की सारखा पाणी पितो आणि सारखा बाहेर जातो. गणवेशाची चड्डी सैल झालीय. घरातले म्हणतात परीक्षेची धास्ती घेतलीय. काल बाथरूमच्या कडेला मुंग्या दिसल्या म्हणून ही पोस्ट शोधली. आज दोनदा उलटी झाली, पोट दुखतंय म्हणतो.

नाशिकरोडची लॅबवाली

पंचवटीच्या ताई, हे वाचताय तिथून उठा आणि मुलाला घेऊन निघा. आत्ता. जवळ ज्या कुणा डॉक्टरांकडे ग्लुकोमीटर आहे तिथे बोटातून एक थेंब घेऊन मिनिटभरात कळेल. रात्र झाली असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलचा अपघात विभाग उघडा असतो, किंवा मुलांचं कुठलंही मोठं हॉस्पिटल. दारातच सांगा: तहान, लघवी, वजन उतरलं, आता उलट्या, शुगर बघा. सकाळची वाट बघू नका, उलटीची गोळी देऊन झोपवू नका. श्वास जोरात, खोल चालला असेल किंवा तोंडाला फळासारखा गोडसर वास येत असेल तर आणखी घाई करा. मुलांचा मधुमेह असाच, काही आठवड्यांत अंगावर येतो. पोहोचल्यावर दोन शब्द इथे टाका.

पंचवटीतली आई

शुगर ४१२. अ‍ॅडमिट केलंय, सलाइन आणि इन्सुलिन चालू केलं. डॉक्टर म्हणाले रात्र काढली असती तर अवघड झालं असतं. आता डोळे उघडून बोलतोय. मी त्याला डब्यात रोज गूळपोळी द्यायचे, त्याने झालं का?

नाशिकरोडची लॅबवाली

नाही. अजिबात नाही. हे मनातून काढून टाका. टाइप वन मधुमेहात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गूळपोळीने, चॉकलेटने, कुणाच्या लाडाने तो होत नाही. इन्सुलिन बंद करून दुसरं काहीतरी औषध करा असं सांगायला पुढच्या महिन्यात माणसं घरी येतील, चांगल्या मनाने येतील, पण ऐकू नका. त्याच्या शरीरात इन्सुलिन बनत नाही, ते बाहेरूनच द्यावं लागणार. डिस्चार्जच्या आधी इंजेक्शन कसं द्यायचं, शुगर एकदम उतरली तर काय करायचं, हे नर्सकडून स्वतःच्या हाताने शिकून घ्या आणि शाळेतल्या बाईंनाही शिकवा. त्या बाईंनी बरोबर हेरलं, त्यांना आवर्जून सांगा.

कॉलेज रोडच्या ताई, तुमच्या पोस्टमध्ये उत्तर आहेच. पाच लिटर आत जात असेल तर बाहेरही जवळपास तेवढंच येणार. एकदम न तोडता हळूहळू दोन-अडीच लिटरवर या, तहानेप्रमाणे प्या, आणि आठवडाभराने एक दिवस मोजा. लघवी कमी झाली तर अ‍ॅप काढून टाका. पाणी कमी केलं तरी लघवी तेवढीच राहिली, घसा सुकून रात्री जाग यायला लागली, तर मात्र फिजिशियनकडे जा आणि सोडियमसकट तपासण्या करा. गरजेपेक्षा फार पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, फार उतरलं तर झटके येतात. पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणी आधी करा, सुरुवातीच्या महिन्यांत वारंवार लागते. आईला मधुमेह आहे म्हणून वर्षातून एकदा साखर बघत राहणं योग्यच.

इंदिरानगरची सून

पंचवटीच्या ताई, तुमच्या बाळाला लवकर बरं वाटो. वाचताना अंगावर काटा आला.

आमचं सांगते. मग आणला, मिस्टरांनी नानांना एवढंच सांगितलं की डॉक्टरांना आकडे लागतात. आकडे म्हटल्यावर नानांनी मनावर घेतलं. फवारणीचा हिशेब लिहितात तशी वही लिहिली, तारीख, वेळ, मिली, शेवटी सही. तिन्ही दिवसांचं चित्र सारखंच निघालं. चोवीस तासांत साधारण सतराशे-अठराशे मिली, म्हणजे एकूण जास्त नाहीच. पण त्यातली हजाराच्या आसपास रात्रीची. दर वेळी दोनशे-अडीचशे.

फिजिशियननी वही बघितली आणि म्हणाले असे पेशंट मिळाले तर काम सोपं होतं. पायाची सूज दाबून बघितली, खड्डा राहतो. पाण्याची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली. ईसीजी काढला, टू डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितलाय. लघवीची तपासणी साफ, क्रिएटिनिन नॉर्मल, सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडं वाढलेलं पण लघवी झाल्यावर आत फारशी उरत नाही. उपाशीपोटी शुगर १०८, एचबीएवनसी ६.०. दुपारी जेवल्यावर तासभर पाय उशीवर वर ठेवून पडायला सांगितलं. पाणी दिवसा भरपूर, झोपण्याच्या दोन-तीन तास आधी कमी, आणि रात्रीचा नऊचा चहा बंद. त्या चहावरून नाना जरा नाराज आहेत.

गोळीची वेळ बदलल्यापासून रात्री दोनदाच उठतात. घोरतात फार, श्वास अडकतो का ते मिस्टर सुट्टीच्या रात्री बघणार आहेत. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. अ‍ॅम्लोडिपिनने सूज येते तर ती बंद करावी का? आणि १०८ म्हणजे शुगर सुरू झाली का? नाना म्हणतात द्राक्षं घरची, ती सोडणार नाही.

नाशिकरोडची लॅबवाली

ताई, फार बरं वाटलं वाचून. नानांना माझा नमस्कार सांगा, सही करून वही देणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

अ‍ॅम्लोडिपिन स्वतःहून बंद करायची नाही. बीपी उसळलं तर पक्षाघाताची भीती असते. एकोचा रिपोर्ट हातात आला की तोच प्रश्न डॉक्टरांना विचारा. हृदय ठीक असेल आणि सूज गोळीचीच वाटली, तर ते मात्रा कमी करतात किंवा दुसरी गोळी देतात. एको लांबवू नका, सूज कशामुळे आहे ते ठरवायला तो रिपोर्ट महत्त्वाचा आहे. घोरण्याचं लेकाने नुसतं कानाने ऐकण्यापेक्षा फोनवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करावं, डॉक्टरांना तेच ऐकवता येईल.

१०८ आणि ६.० हा अजून मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर आहे. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा तो पट्टा. रात्रीची लघवी या साखरेमुळे होत नाहीये, १०८ ला साखर लघवीत उतरत नाही. द्राक्षं सोडायला कुणी सांगणार नाही, पण घडच्या घड एकदम नको. वाटीभर, दिवसा, जेवणाला जोडून नको, आणि रस काढून तर नकोच. गुडघ्यांमुळे चालणं होत नसेल तर खुर्चीत बसून करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, पायाच्या सुजेलाही त्याचा फायदा होतो. पुढची तपासणी कधी ते डॉक्टर सांगतील, नाही सांगितलं तर सहा महिन्यांनी या. रक्त उपाशीपोटी द्यायचं असेल तर साधं पाणी प्यायला हरकत नाही, लोक उगाच तहानलेले येतात. लघवीचा नमुना घरून आणणार असाल तर लॅबमधून मिळणारी डबीच वापरा, औषधाची जुनी बाटली धुऊन आणू नका, आत उरलेलं औषध रिपोर्ट बिघडवतं. सुरुवातीची थोडी सोडून मधली धरा, आणि दोन तासांच्या आत पोहोचवा.